चालत्या यंत्राची प्रत

मंडळी, इथं एकलहऱ्याजवळून गोदावरी जाते ती पुढं पैठणला पोचते. मीही तिथूनच सुरुवात करतो. शके १५०६, म्हणजे १५८४ साली, एकनाथ महाराजांनी ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला. शके १२१२ पासून जवळजवळ तीनशे वर्षं नकला होत आल्या होत्या. लिहिणाऱ्यांची निष्ठा कमी नव्हती. पण नकलेतली चूक नक्कल करणाऱ्याला दिसत नाही, ती पुढं वाचणाऱ्याला अडते. नाथांनी प्रती ताडून पाहिल्या, आणि यात कुणी आपली ओवी घालू नये अशी ताकीदही लिहून ठेवली. त्यांना एक सोय मात्र होती. ते ताडत बसले तेव्हा समोरची पोथी बदलत नव्हती.

आभासी यंत्राचं तसं नाही. एका संगणकाच्या पोटात अनेक संगणक, ही कल्पना आयबीएमनं १९६० च्या दशकात राबवली. व्हीएम/३७० आलं १९७२ मध्ये. लिनक्सच्या गाभ्यात केव्हीएम आलं २००७ साली. अख्ख्या संगणकाची डिस्क म्हणजे एक फाइल झाली. मग माणसाला वाटतं, फाइलच आहे ना, करा कॉपी!

आता बघा. कॉपीला तास लागला. फाइलचा पहिला भाग दहाचा, शेवटचा अकराचा. अशा अवस्थेत ते यंत्र कधीच नव्हतं. म्हणजे या प्रतीला मूळच नाही! वीज गेली तर निदान एकाच क्षणी जाते. हे त्याहून वाईट.

उपाय दोन. यंत्र रीतसर बंद करून कॉपी करा, हा सगळ्यात साधा. बंद करता येत नसेल, तर आतल्या गेस्ट एजंटकडून फाइल सिस्टीम काही क्षण गोठवायची, स्नॅपशॉट घ्यायचा, लगेच सोडायची. नवं लिखाण वेगळ्या फाइलीत जातं, मूळ फाइल स्थिर राहते, ती निवांत उचला. मग ते वेगळं लिखाण मुळात मिसळून टाका, नाहीतर साखळी वाढत जाते.

स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप, ही समजूत फार पसरली आहे, आणि घातक आहे. तो मुळावर टेकलेला असतो; डिस्क गेली की दोन्ही गेले. प्रत दुसऱ्या यंत्रावर हवी. आणि नाथांसारखं ताडणंही हवं: ती प्रत तिथं चालू करून बघा, नेटवर्क तोडून. नाहीतर एकाच पत्त्याची दोन यंत्रं जागी होतात.