ब्लॉग, स्वतःच्या होस्टिंगवरचा

लेखकाने स्वतः नोंदवलेल्या डोमेनवर आणि भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवरच्या जागेत चालणारा ब्लॉग. ब्लॉगर किंवा वर्डप्रेस.कॉमसारख्या सेवेत खाते उघडले की ब्लॉग तयार मिळतो, पण तेथील यंत्रणा आणि नियम कंपनीचे असतात. स्वतःच्या होस्टिंगवर पत्ता, सॉफ्टवेअरची निवड आणि मजकूर हे तिन्ही लेखकाच्या ताब्यात राहतात आणि त्यांची निगा राखण्याचे कामही त्याच्याकडेच येते. अशा ब्लॉगसाठी सर्वाधिक वापरले जाणारे सॉफ्टवेअर वर्डप्रेस आहे. त्यामुळे प्रस्तुत नोंद मुख्यतः त्यालाच धरून आहे.

पूर्वपीठिका : मिशेल व्हाल्द्रिगी यांनी २००१ मध्ये ‘बी२’ हे ब्लॉग-सॉफ्टवेअर लिहिले. पुढे त्याचे काम थंडावले. ते जीपीएल या मुक्त परवान्याखाली असल्याने कोणालाही पुढे नेता येत होते. अमेरिकेतील मॅट मुलेनवेग आणि इंग्लंडमधील माइक लिटल यांनी ते हाती घेतले आणि २७ मे २००३ रोजी वर्डप्रेसची पहिली आवृत्ती निघाली. २००४ मध्ये मूव्हेबल टाइप या तेव्हाच्या आघाडीच्या सॉफ्टवेअरने परवान्याचे दर बदलले, तेव्हा अनेक ब्लॉगलेखक वर्डप्रेसकडे वळले. त्याच वर्षी प्लगइनची (जोड-सुविधांची) आणि २००५ मध्ये थीमची (मांडणीच्या साच्यांची) सोय आली. डिसेंबर २०१८ मधील ५.० आवृत्तीपासून परिच्छेद, चित्र, अवतरण असे तुकडे जोडून लेख रचण्याची पद्धत रूढ झाली.

नावसाधर्म्यामुळे नवख्यांचा एक गोंधळ नेहमी होतो. वर्डप्रेस.ऑर्ग येथून सॉफ्टवेअर मोफत उतरवून कोणत्याही सर्व्हरवर बसवता येते. वर्डप्रेस.कॉम ही २००५ मध्ये सुरू झालेली सेवा मुलेनवेग यांच्या ऑटोमॅटिक या कंपनीची आहे.

घटक : पहिला घटक डोमेन. ते कायमचे विकत मिळत नाही. एक किंवा अधिक वर्षांच्या मुदतीने नोंदवले जाते आणि मुदतीआधी नूतनीकरण करावे लागते. .कॉम आणि .इन हे शेवट सर्वपरिचित आहेत, देवनागरीतील .भारत २०१४ पासून उपलब्ध आहे. नोंदणी लेखकाच्याच नावाने आणि ईमेलने असावी. वेबसाइट बनवून देणाऱ्याच्या खात्यावर झालेली नोंदणी वाद उद्भवल्यास परत मिळवणे कठीण जाते.

दुसरा घटक होस्टिंग. एका सर्व्हरवर अनेक ग्राहकांना जागा देणारे ‘शेअर्ड होस्टिंग’ स्वस्त असते आणि नव्या ब्लॉगला पुरते. व्हीपीएसमध्ये, म्हणजे स्वतंत्र आभासी सर्व्हरवर, अधिक मोकळीक मिळते, पण सर्व्हर सांभाळण्याचे ज्ञान लागते. पहिल्या वर्षाच्या सवलतीपेक्षा नूतनीकरणाचा दर पाहून योजना निवडावी.

तिसरा घटक वर्डप्रेस. ते पीएचपी या भाषेत लिहिलेले आहे आणि लेख, प्रतिसाद, वापरकर्ते व सेटिंग मायएसक्यूएल किंवा मारियाडीबी या डेटाबेसमध्ये साठवते. छायाचित्रे मात्र डेटाबेसमध्ये नसतात. ती फाइलींच्या रूपात वेगळ्या फोल्डरमध्ये राहतात.

उभारणी : डोमेनच्या खात्यात होस्टिंग कंपनीचे नेमसर्व्हर भरले की तो पत्ता त्या सर्व्हरकडे वळतो. हा बदल सर्वत्र पोचायला काही तासांपासून एक-दोन दिवस लागतात. होस्टिंगच्या नियंत्रण-पटलावर बहुधा वर्डप्रेस एका क्लिकने बसवण्याची सोय असते. हाताने बसवायचे तर डेटाबेस तयार करून त्याचे नाव, वापरकर्ता आणि पासवर्ड वर्डप्रेसच्या कॉन्फिग फाइलमध्ये द्यावे लागतात. एचटीटीपीएससाठी लागणारे प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्ट ही ना-नफा संस्था मोफत देते. त्याची मुदत मोजक्या आठवड्यांची असल्याने नूतनीकरण आपोआप होते ना, हे तपासावे.

पहिला लेख टाकण्यापूर्वी काही गोष्टी ठरवाव्या लागतात. वापरकर्तानाव ‘अ‍ॅडमिन’ ठेवू नये. पासवर्ड शोधणारे प्रोग्राम सर्वप्रथम तेच नाव वापरून पाहतात. वेळेचा पट्टा कोलकाता निवडावा, अन्यथा ठरावीक वेळी प्रसिद्ध व्हायचा लेख साडेपाच तास उशिरा येऊ शकतो. दुव्यांची रचना आरंभीच निश्चित करावी, कारण पुढे बदलल्यास इतरांनी दिलेले जुने दुवे तुटतात. सर्च इंजिनांना दूर ठेवण्याची खूण काम चालू असताना केलेली असल्यास ती काढावी. नव्याने उभा केलेला ब्लॉग शोधात न दिसण्याचे हे एक साधे कारण असते.

देवनागरी लेखन : वर्डप्रेसचा व्यवस्थापन-विभाग मराठीतही वापरता येतो. अडचण दुव्यांची आहे. लेखाच्या शीर्षकावरून वर्डप्रेस आपोआप दुवा बनवते आणि त्यासाठी २०० अक्षरांची मर्यादा असते. इंटरनेटच्या पत्त्यात प्रत्येक देवनागरी चिन्हाचे रूपांतर नऊ रोमन अक्षर-चिन्हांत होते. ‘को’ मध्ये क आणि ओकार ही दोन चिन्हे असल्याने अठरा. त्यामुळे काना-मात्रा-वेलांट्या धरून सुमारे बावीस चिन्हांनंतर शीर्षक कापले जाते आणि दुवा पाठवताना टक्केचिन्हांची लांबलचक रांग दिसते. प्रत्येक लेखाचा दुवा हाताने, छोट्या रोमन शब्दांत लिहिणे हा सोपा उपाय आहे.

बऱ्याच थीम रोमन लिपीसाठी आखलेल्या असतात. त्यांतील ओळींमधले अंतर देवनागरीला अपुरे पडते आणि वरच्या ओळीतले उकार खालच्या ओळीतल्या मात्रांना भिडतात. हे अंतर वाढवावे आणि देवनागरीसाठी रेखलेला फाँट वापरावा. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा ‘मुक्त’ हा मुक्त परवान्याचा फाँट सोयीचा आहे.

देखभाल : ३.७ आवृत्तीपासून (२०१३) वर्डप्रेसच्या लहान सुरक्षा-दुरुस्त्या आपोआप बसतात. प्लगइन आणि थीम यांचे अपडेट मात्र पाहावे लागतात. बहुतेक घुसखोऱ्या त्यांच्यातील त्रुटींतूनच होतात. म्हणून प्लगइन मोजके ठेवावेत आणि न वापरलेले काढून टाकावेत. सशुल्क थीमच्या फुकट वाटल्या जाणाऱ्या चोरट्या प्रतींत बरेचदा घातक कोड दडवलेला असतो.

बॅकअपमध्ये डेटाबेस आणि फाइली दोन्ही हव्यात. केवळ डेटाबेस घेतल्यास छायाचित्रे गमावली जातात. प्रत त्याच सर्व्हरवर ठेवून उपयोग नाही, कारण खाते बंद पडले तर मूळ आणि प्रत दोन्ही जातात. बॅकअपवरून ब्लॉग पुन्हा उभा करून पाहिल्याशिवाय तो भरवशाचा मानू नये.

मर्यादा आणि पर्याय : डेटाबेस सांभाळायचा नसेल, तर जेकिल किंवा ह्यूगो यांसारखी सॉफ्टवेअरे लेखांची तयार एचटीएमएल पाने बनवून देतात. अशा ब्लॉगवर हल्ल्याला वाव कमी असतो, पण लेखकाला काही तांत्रिक सराव लागतो. ज्याला अपडेट आणि बॅकअप यांसाठी नियमित वेळ देणे शक्य नाही, त्याने तयार सेवेवर लिहावे. मात्र तेथेही स्वतःचे डोमेन जोडावे. ब्लॉगरवर ही सोय मोफत आहे, वर्डप्रेस.कॉमवर सशुल्क योजना घ्यावी लागते. डोमेन स्वतःचे असले म्हणजे पुढे ब्लॉग कुठेही हलवला तरी वाचकांकडे असलेला पत्ता तोच राहतो.