हेब्बाळ : नाचणीचे संशोधन आणि सरकारी खर्च

बंगळूर शहराच्या उत्तरेस असलेले हेब्बाळ आज उड्डाणपुलामुळे आणि वाहतुकीच्या कोंडीमुळे परिचित आहे. परंतु म्हैसूर संस्थानच्या राजप्रतिनिधी महाराणींनी १८९९ मध्ये येथील ३० एकर जमीन प्रायोगिक शेतीसाठी दिली आणि जर्मन शास्त्रज्ञ डॉ. लेहमन यांनी तेथे माती व पिकांचा अभ्यास सुरू केला. पुढे १९१३ मध्ये कृषिशाळा, १९४६ मध्ये कृषी महाविद्यालय आणि १९६४ मध्ये कृषी विद्यापीठ येथे उभे राहिले.

या संशोधन परंपरेचा सर्वाधिक लाभ झाला तो नाचणीला, म्हणजेच कन्नड मुलखातील रागीला. कमी पावसात तग धरणारे आणि वर्षानुवर्षे साठवता येणारे हे धान्य गरिबाचे अन्न मानले जाई. त्याची फुले अतिशय सूक्ष्म असल्याने संकर करणे जिकिरीचे असते. कृषिशास्त्रज्ञ लक्ष्मणय्या यांनी प्रामुख्याने मंड्या येथील प्रक्षेत्रावर भारतीय व आफ्रिकी वाणांचा संकर घडवून 'इंडाफ' वाण तयार केले. नाचणीचे मूळ स्थान पूर्व आफ्रिका असल्याने हा संबंध स्वाभाविकच म्हणावा लागेल. त्यानंतर विद्यापीठाच्या गांधी कृषी विज्ञान केंद्रातून करपा रोगास दाद न देणारा 'जीपीयू-२८' हा वाण आला.

अशा संशोधनावरील खर्च दारिद्र्यनिर्मूलनास कितपत उपयोगी पडतो? शेनगेन फॅन, पीटर हेझेल आणि सुखदेव थोरात यांनी १९९९ मध्ये भारतातील सरकारी खर्चाचा अभ्यास केला. ग्रामीण दारिद्र्य कमी करण्यात रस्त्यांनंतर कृषी संशोधनाचा क्रमांक लागतो, असे त्यांना आढळले.

तथापि बियाण्याबरोबर बाजारपेठही लागते, आणि येथेच धोरण दीर्घकाळ तोकडे पडले. हरितक्रांतीच्या काळात सरकारी खरेदी मुख्यतः गहू व तांदूळ यांचीच होत राहिली. स्वस्त तांदूळ घरोघरी पोहोचला आणि कोरडवाहू शेतकऱ्याचे पीक त्याच्याच ताटातून मागे पडले. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने शिधापत्रिकेवर भरड धान्याची तरतूद केली आणि दक्षिण कर्नाटकातील रास्त भाव दुकानांत रागी मिळू लागली. २०२५-२६ च्या खरीप हंगामासाठी नाचणीचा हमीभाव क्विंटलला ४,८८६ रुपये, तर साधारण भाताचा २,३६९ रुपये ठरला. अर्थात, जवळ खरेदी केंद्र नसलेल्या शेतकऱ्यासाठी हा भाव कागदावरच राहतो.