चाचणीतलं मूल आणि रांगेतलं मूल

२०२१च्या जूनमध्ये नागपुरातल्या मेडिट्रिना रुग्णालयात लहान मुलांवर कोव्हॅक्सिनची चाचणी सुरू झाली. देशभरात मिळून ५२५ मुलं, वय २ ते १८. आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर एकच चर्चा: कोण देतं आपलं पोरगं? मला वेगळा प्रश्न पडला. काही झालंच तर? उत्तर शोधताना चक्क एक सूत्र सापडलं.

वैद्यकीय चाचण्यांच्या २०१९च्या नियमांत ते दिलंय. आठ लाख रुपये गुणिले वयाचा घटक, गुणिले जोखमीचा घटक, भागिले ९९.३७. सोळा वर्षांपर्यंत वयाचा घटक २२८.५४, कामगारांच्या भरपाईच्या कायद्यातही हाच आकडा आहे. मूल निरोगी असेल तर जोखीम ४. चाचणीमुळे मृत्यू झाला तर उत्तर येतं सुमारे ७३ लाख ६० हजार. दिवसभर कोड लिहिणाऱ्याला सूत्र आवडायला हवं, पण हे वाचून कसंतरीच झालं. तरी यात एक मोठी गोष्ट आहे. इथे कुणाचा हलगर्जीपणा सिद्ध करावा लागत नाही. इजा चाचणीमुळे झाली एवढं ठरलं, की चाचणी करवणाऱ्या कंपनीने पैसे द्यायचे.

हे सूत्र फक्त चाचणीतल्या मुलासाठी. सरकारी केंद्राबाहेर आईच्या कडेवर बसून रांगेत आलेल्या मुलासाठी तेव्हा असं काहीच नव्हतं.

त्याच वर्षी ३१ जानेवारीला यवतमाळ जिल्ह्यात, घाटंजी तालुक्यातल्या कापसी-कोपरी गावात पोलिओच्या थेंबांऐवजी १२ मुलांना सॅनिटायझर पाजलं गेलं. मुलं बचावली, कर्मचाऱ्यांवर कारवाई झाली. यात लसीचा दोष नव्हताच, चूक माणसांची होती. चूक उघड दिसली की काय करायचं हे आपल्या व्यवस्थेला ठाऊक आहे. पण लस चांगली, नर्सही चोख, आणि तरीही लाखांत एखाद्या मुलाला त्रास झाला तर?

ब्रिटनमध्ये हा प्रश्न डांग्या खोकल्याच्या लसीवरून पेटला. लसीने मेंदूला इजा झाली असं म्हणणाऱ्या पालकांच्या चळवळीनंतर १९७९मध्ये कायदा झाला आणि गंभीर अपंगत्वासाठी १०,००० पौंड ठरले. अमेरिकेने १९८६मध्ये कायदा करून वेगळा निधी उभारला. प्रत्येक डोसमागे, एका आजारासाठी ७५ सेंट कर. म्हणजे ज्यांच्या मुलांना काही झालं नाही, तेही थोडं थोडं भरतात. मला हे फार पटतं.

यातही एक गुंता आहेच. २००६मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी, लसीमुळे मेंदूला इजा झाल्याचं मानलं गेलेले १४ रुग्ण तपासले. ११ जणांत एकाच जनुकातला बिघाड सापडला. त्यांच्या आजाराचं मूळ लस नव्हती. म्हणजे पालकांचा संशय चुकीचा ठरू शकतो, त्यांचं दुःख मात्र खरंच असतं. म्हणून तर तपासणारी यंत्रणा हवी. ती नसली की त्या दुःखाचा ताबा अफवा घेतात.

कोव्हिडच्या लसीनंतर दगावलेल्या दोन तरुण मुलींचे पालक सर्वोच्च न्यायालयात गेले, तेव्हा नोव्हेंबर २०२२मध्ये केंद्राने प्रतिज्ञापत्रात सांगितलं: सरकार जबाबदार नाही, भरपाई हवी तर दिवाणी न्यायालयात जा. आणि तिथे पहिला प्रश्न असतो, चूक कुणाची?