विनोदातला दुसरा अर्थ

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

चार माणसं जमली आणि सिनेमाचा विषय निघाला, की एक वाक्य हमखास ऐकू येतं. "पूर्वीचे विनोदी चित्रपट आईवडिलांशेजारी बसून बघता यायचे हो!" 'मस्ती' (२००४), 'क्या कूल हैं हम' (२००५) आणि त्यांची पुढची पिलावळ बघितली, की या तक्रारीला उत्तर देणं अवघड होतं. २०१६ या एकाच वर्षात 'क्या कूल हैं हम ३', 'मस्तीजादे' आणि 'ग्रेट ग्रँड मस्ती' असे तीन चित्रपट आले. तिन्हींपैकी एकही फारसा चालला नाही, हा प्रेक्षकांचा शहाणपणा म्हणायचा. पण 'पूर्वी' म्हणजे नेमकं कधी, असं विचारलं की तक्रार करणारा जरा चाचरतो.

१९३८ साली मास्टर विनायकांचा 'ब्रह्मचारी' आला. लेखक आचार्य अत्रे. त्यात मीनाक्षी पोहण्याच्या पोशाखात पडद्यावर आल्या आणि एकच गहजब उडाला. संस्कृती बुडाली, अशी ओरड झाली. आज तोच चित्रपट अभिजात विनोदाचा नमुना म्हणून दाखवला जातो. प्रेक्षकांनी डोळे विस्फारावेत, असं अत्र्यांना वाटत असणारच, ते काही सोवळे नव्हते. पण त्यांनी टोपी उडवली होती ती ब्रह्मचर्याची शपथ घेऊन मिरवणाऱ्या ढोंगाची.

आणखी मागे गेलात तर तमाशा आहे. गवळणीतली मावशी काय बोलते आणि सोंगाड्या तिला काय उत्तर देतो, हे या मंगल प्रभाती सांगण्याजोगं नाही. उत्तर पेशवाईत सगनभाऊंनी शृंगारिक लावण्या रचल्या. सगनभाऊ शिकलगार, धर्मानं मुसलमान. "तुम्ही मराठीत कसे काय लिहिता?" असं मला कुणी विचारलं, की मी त्यांचं नाव सांगून मोकळा होतो. तेव्हा चावटपणा मराठीला परका नाही, आणि तो कालपरवा आला असंही नाही. मग बिघडलं कुठं?

मला वाटतं, याचं उत्तर वसंत सबनीसांच्या लेखणीत शोधावं. १९६०च्या दशकात त्यांनी 'विच्छा माझी पुरी करा' हे लोकनाट्य लिहिलं. त्यात लायक हवालदाराला डावलून प्रधानाच्या नात्यातला माणूस कोतवाल होतो. मग हवालदार आणि मैनावती मिळून या कोतवालाला असं भुलवतात, की तो खुद्द राजाचा छपरी पलंग पळवायला निघतो. पलंग म्हटल्यावर जे सुचायचं ते सुचतंच, लेखकालाही तेच हवं होतं. पण हशा ओसरल्यावर लक्षात राहतो तो वशिल्याचा कारभार. दादा कोंडके रोज त्यात ताज्या राजकारणावरचे टोमणे घालत. लोक तेच नाटक पुन्हा बघायला येत, त्याचं हेही एक कारण होतं.

पुढे १९७१ साली दादांनी 'सोंगाड्या' काढला. लेखक पुन्हा सबनीसच. यातला नाम्या म्हणजे आईच्या पदराखाली वाढलेला भाबडा गडी. तो जे बोलतो ते एकाच, सरळ अर्थानं. दुसरा अर्थ प्रेक्षकाच्या मनात उमटतो. सारी गंमत या फटीत आहे. सेन्सॉरवाल्यांपुढेही दादांचा युक्तिवाद हाच असायचा. माझ्या वाक्यात काही नाही, तुमच्या मनात असेल तर मी काय करू? यावर कात्री कुठं चालवणार? अशा विनोदाला बोलीची नस माहीत असावी लागते. शब्द शेतातला असतो, स्वयंपाकघरातला असतो, आणि तो तिथेही शंभर टक्के खरा असतो.

दादांच्या चित्रपटांनी ओळीनं रौप्यमहोत्सव केले. पण पुढे पुढे नावापासूनच डोळा मारायला सुरुवात झाली. १९८६ साली आलेल्या 'अंधेरी रात में दिया तेरे हाथ में' या त्यांच्या हिंदी चित्रपटात तो भाबडा नाम्या, त्याची आई, त्याचं गाव यांतलं फार थोडं उरलं होतं. दादांवर माझा लोभ आहे, तरी घसरण त्यांच्याच घरात सुरू झाली असं माझं मत आहे. त्याच सुमाराला मराठीत विनोदी चित्रपटांचा पूर आला. करमणूक कर परत मिळण्याची सरकारी योजना होती, त्यामुळे बरेच चित्रपट घाईनं उरकले गेले.

त्या पुरातही १९८८चा 'अशी ही बनवाबनवी' टिकला. सचिननं तो दिग्दर्शित केला. हृषीकेश मुखर्जींच्या 'बीवी और मकान' (१९६६) वरून कथा बेतलेली. संवाद मात्र अस्सल पुणेरी, आणि ते लिहिणारे, सांगायला नकोच, सबनीस! दोन पुरुष साड्या नेसून वावरतात, म्हणजे घाण करायला मैदान मोकळं. तरी हसू येतं ते भाड्याच्या खोलीसाठी चाललेल्या तारांबळीचं. त्यातली वाक्यं आजही लग्नाच्या मांडवात ऐकू येतात.

आताच्या चित्रपटांत नेमका दुसरा अर्थच नाहीसा झालाय. द्व्यर्थी म्हणायचं, तर दोन अर्थ हवेत ना! इथं एकच अर्थ, आणि तोही हातवारे करून सांगितलेला. मग हसायचं कुणाला? तर तोतऱ्याला, जाड बाईला, सावळ्या मुलीला, बायकी चालीच्या पुरुषाला. मुसलमान पात्र आलंच तर ते मोडकंतोडकं मराठी बोलणार. माझ्या आईच्या तोंडी जात्यावरच्या ओव्या होत्या, ती असं बोलत नव्हती. राजाला हसणारा सोंगाड्या गेला आणि दुबळ्याला हसणारा उरला. कमरेखालच्या शब्दांपेक्षा मला हे अधिक झोंबतं.

लिहिणारे संपलेत, असं मात्र नाही. २००८च्या 'वळू'मध्ये अख्खं गाव एका मोकाट बैलामागे लागतं. बैलावरून काय काय बोलता आलं असतं! लेखकांनी तो मोह टाळून गावातल्या प्रत्येक नासधुशीचं खापर त्याच्या माथी मारणारी माणसं दाखवली. त्यांपैकी गिरीश कुलकर्णींना पुढे 'देऊळ'च्या (२०११) संवादांसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तो बघायला सबनीस नव्हते. ते २००२ साली गेले.