पाच मिनिटांची भाजी, दूरदेशीचे बियाणे आणि वसईची वाडी

१/ कढईत तेल तापते, मोहरी तडतडते, हिरवी मिरची आणि कांदा पडतो. पाठोपाठ बारीक चिरलेला कोबी मोठ्या आचेवर भराभर परतला जातो. शेवटी मीठ आणि मूठभर ओले खोबरे. पाच-सात मिनिटांत तोंडीलावणे तयार. गोव्याच्या ख्रिस्ती स्वयंपाकघरांत या प्रकाराला ‘फुगाद’ म्हणतात. वसईत अशीच भाजी घरोघरी परतली जाते. ही भाजी इथली की पोर्तुगिजांनी आणलेली? या साध्या प्रश्नाचे उत्तर शोधताना वसईच्या इतिहासाचा बराच मोठा भाग उलगडतो.

२/ आरंभ नावापासून करू. ‘फुगाद’ हा शब्द पोर्तुगीज ‘रेफोगादो’पासून आला, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. तेलात कांदा-लसूण परतून पदार्थाचा पाया तयार करणे, हा त्या शब्दाचा अर्थ. हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल यांच्या १८८६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशात मात्र याच्याशी मिळताजुळता ‘फोगास’ हा शब्द आहे. बारीक चिरलेला मुळा व मिरची घालून केलेले, भाताबरोबर खायचे कालवण, असा अर्थ तिथे दिला आहे आणि त्याचे मूळ ‘फोगासा’, म्हणजे निखाऱ्यावर भाजलेली पोळी, या पोर्तुगीज शब्दात शोधले आहे.

३/ अर्थाच्या दृष्टीने पाहिले तर ‘रेफोगादो’ अधिक जवळचा वाटतो. कारण त्यात परतण्याची क्रिया आहे. तथापि दोन्ही व्युत्पत्ती एकाच भाषेकडे बोट दाखवतात. म्हणून कृतीही पोर्तुगीज ठरते का? इथे घाई करू नये. नाव प्रवास करते तेव्हा कृतीनेही त्याच जहाजातून प्रवास केलाच असेल, असे गृहीत धरता येत नाही.

४/ याचे उत्तम उदाहरण चीनमध्ये सापडते. मोठ्या आचेवर, थोड्या तेलात, सतत हलवत भाजी शिजवण्याच्या पद्धतीला चिनी भाषेत ‘चाओ’ म्हणतात. तिच्यासाठी आज जगभर रूढ असलेला ‘स्टर-फ्राय’ हा इंग्रजी शब्द बुवेई यांग चाओ यांनी १९४५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या आपल्या पाकपुस्तकात प्रथम वापरला. शब्द विसाव्या शतकातला, कृती त्याहून कित्येक शतके जुनी. नावाचे वय आणि पदार्थाचे वय निराळे असू शकते.

५/ आता आपल्याकडची कढई पाहू. ‘कढई’ हा शब्द संस्कृत ‘कटाह’पासून आलेला आहे. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या नावावर असलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात अन्नभोगाचे विस्तृत वर्णन आहे. हिंग, मिरी, आले, सैंधव त्यात आहेत, तळणे-परतणेही आहे. नाहीत ते मिरची, बटाटा आणि टोमॅटो. असणार तरी कसे? ही तिन्ही अमेरिका खंडातली पिके आणि त्या खंडाशी आशियाचा संबंध यायला अजून साडेतीन शतकांहून अधिक काळ होता.

६/ म्हणजे फोडणी आणि परतणे इथले. पण कढईत आज जे पडते, त्यातले बरेचसे बाहेरचे. परक्या मालाचे वसई परिसराला अप्रूप नव्हतेच. आज वसई-विरार महानगरपालिकेच्या हद्दीत असलेले नालासोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक. सम्राट अशोकाचे शिलालेख जिथे सापडले असे हे बंदर. पोर्तुगीज येण्याच्या कितीतरी आधीपासून या किनाऱ्यावर दूरदेशीची गलबते लागत होती.

७/ २३ डिसेंबर १५३४ रोजी गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने तहान्वये वसई आणि तिच्या अखत्यारीतला प्रदेश पोर्तुगिजांना दिला. त्यानंतर दोनशेहून अधिक वर्षे वसई हे त्यांच्या उत्तर प्रांताचे मुख्य ठाणे राहिले. गावे आणि बागायती खंडाने देण्याची त्यांची पद्धत होती. ज्या गार्सिया द ऑर्ता या वैद्याचा भारतीय वनौषधींवरील ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला, त्याच्याकडे मुंबई बेट अशाच पट्ट्याने होते.

८/ या काळात आलेल्या गोष्टींची साक्ष मराठी भाषाच देते. ‘कोबी’ हा शब्द पोर्तुगीज ‘कोव्ह’पासून आला. ‘बटाटा’, ‘काजू’, ‘अननस’, ‘पपई’, ‘पाव’ हेही त्याच वाटेने आले. गंमत अशी की पोर्तुगीज ‘बटाटा’ हा मुळात रताळ्यासाठीचा शब्द. आज ज्याला आपण बटाटा म्हणतो तो इथल्या शेतांत आणि ताटांत सर्वत्र रुळला तो इंग्रजी अमदानीत, टोमॅटोही तसाच. शब्द आधी आला आणि वस्तू नंतर त्यात येऊन बसली.

९/ मिरचीला मात्र भाषेने परके नाव दिलेच नाही. ती तिखट होती, मिरीचे काम करत होती, म्हणून मिरीवरूनच तिचे ‘मिरची’ हे नाव पडले. त्याआधी तिखटपणासाठी मिरी, पिंपळी आणि आले यांवर भिस्त असे. मिरीचा वेल सर्वत्र येत नाही. मिरचीचे रोप परसातही येते. विकत घ्यावा लागणारा तिखटपणा दाराशी पिकू लागला. सामान्य माणसाच्या स्वयंपाकातला हा फार मोठा बदल होय.

१०/ त्याच सागरी जाळ्याचे दुसरे टोक पूर्व आशियात होते: गोवा, मलाक्का, मकाव, नागासाकी. वसईत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया याच वाटेने जपानला पोहोचले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे क्रुसावर हुतात्मा झाले. चीनमध्ये मिरचीची नोंद १५९१ च्या एका ग्रंथात मिळते. तिथल्या आचाऱ्याने ती आपल्या खोलगट लोखंडी कढईत टाकली. वसईच्या गृहिणीने मोहरीच्या फोडणीत. रोप एकच, पण प्रत्येक किनाऱ्याने ते आपापल्या जुन्या पद्धतीत सामावून घेतले.

११/ मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने वसईचा किल्ला घेतला. पोर्तुगीज सत्ता गेली, पण कोबी गेला नाही, मिरची गेली नाही, शब्दही गेले नाहीत. तहांमुळे सीमा बदलतात. वाफ्यात रुजलेले बी तहाचे कलम वाचत नाही. राजकीय इतिहासाच्या सनावळ्या आणि स्वयंपाकघराच्या सनावळ्या जुळत नाहीत, त्या अशा.

१२/ मग या भाजीचा खरा आधार कोणता? त्यासाठी कृतीकडे परत जावे लागते. झटपट परतलेल्या भाजीत मसाला थोडा, शिजण्याचा वेळ थोडा; त्यामुळे शिळेपण झाकायला जागाच नसते. तोडल्यापासून भाजीतले पाणी उडू लागते आणि ती मलूल होते. मलूल भाजी मोठ्या आचेवर खुसखुशीत न राहता चिवट होते. मीठ शेवटी घालण्याचे कारणही पाणीच: ते आधी घातले तर भाजीला पाणी सुटते आणि परतण्याऐवजी ती वाफेवर शिजते. थोडक्यात, या पदार्थाला ताजी भाजी जवळ पिकावी लागते.

१३/ वसईच्या पश्चिम पट्ट्यात ती पिकत आली, कारण तिथे गोडे पाणी होते. गास, भुईगाव, निर्मळ, गिरीज, नंदाखाल, आगाशी या समुद्रालगतच्या गावांत ‘बावखल’ नावाची खोदलेली तळी असत. पावसाचे पाणी त्यांत साठे, जमिनीत मुरे आणि खारे पाणी दूर ठेवी. विहिरींवर व बावखलांवर बैलांचे रहाट चालत. त्या पाण्यावर सामवेदी, वाडवळ, भंडारी अशा अनेक समाजांनी केळी, पानवेली, फुले आणि भाजीपाल्याच्या वाड्या उभ्या केल्या. ठाणे जिल्ह्याच्या १८८२ च्या गॅझेटियरमध्येही वसईच्या ऊस-केळीच्या बागायतीचा उल्लेख येतो.

१४/ या वाडीला महानगर जोडले ते रेल्वेने. १८६४ मध्ये बी.बी. अँड सी.आय. रेल्वेची गाडी सुरतेहून ग्रँट रोडपर्यंत आली आणि १२ एप्रिल १८६७ रोजी विरार ते बॅक बे अशी उपनगरी गाडी सुरू झाली. १८६९ मध्ये क्रॉफर्ड मार्केटची, म्हणजे आजच्या महात्मा जोतिबा फुले मंडईची इमारत उभी राहिली. पुढे पहाटेच्या गाडीने भाजीच्या टोपल्या घेऊन मुंबईला जाणाऱ्या वसईकर स्त्रिया हे शहराच्या ओळखीचे दृश्य झाले. मुंबईच्या कित्येक कढयांमधला ताजेपणा या स्त्रियांच्या डोक्यावरून आला. त्यांची नावे मात्र कोणत्याही बखरीत नाहीत.

१५/ ज्या लोहमार्गाने भाजी शहरात नेली, त्याच मार्गाने शहर वाडीत आले. रहाटांच्या जागी पंप आले, उपसा वाढला, टँकरने पाणी विकले जाऊ लागले; किनाऱ्याजवळच्या विहिरींत खारेपणा शिरला. जमीन आणि पाणी वाचवण्यासाठी फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरित वसई संरक्षण समितीच्या माध्यमातून लोकचळवळ उभी केली. हेच फादर दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबाद येथील ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते.

१६/ ३ जुलै २००९ रोजी चार नगरपालिका आणि अनेक गावे मिळून वसई-विरार महानगरपालिका झाली. गावे वगळण्याच्या मागणीसाठी मोठे आंदोलनही झाले. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १२,२२,३९० होती. एवढ्या माणसांना घरे हवीत, हे खरे. पण त्या घरांखाली अनेक बावखले बुजली, हेही खरे. बावखल बुजले की पावसाळ्यात पाणी तुंबते, उन्हाळ्यात विहीर खारी होते आणि वाफा ओसाड पडतो.

१७/ आता आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर देता येईल. भाजीचे नाव पोर्तुगीज, मिरची अमेरिकेची, कोबी युरोपचा, फोडणी आणि कढई इथली. ‘मूळ कोणाचे?’ या प्रश्नाला असे चार तुकड्यांचे उत्तर मिळते आणि त्यात बिघडत काहीच नाही. बियाणे जगात कुठूनही आणता येते, शब्दही उसना घेता येतो. गोडे पाणी आणि ते राखणारी वाडी मात्र जहाजाने आणता येत नाही. या भाजीतले अस्सल वसईचे असे जे आहे, ते हेच.

१८/ इतिहासाच्या अभ्यासकांसाठी इथे काम शिल्लक आहे. किल्ल्याच्या तटबंदीचे नकाशे झाले, तहांची कलमे छापली गेली. कोणत्या आळीत कोणते बावखल होते, त्याला काय म्हणत, त्यावर कोणती भाजी निघे, ती कोणत्या गाडीने जाई आणि घरात तिला कोणत्या नावाने परतत, हे आज फक्त वृद्ध वाडीकऱ्यांना आणि भाजीवाल्या आज्यांना ठाऊक आहे. वही घेऊन त्यांच्यापाशी बसायला हवे, आणि ते लवकर व्हायला हवे.