श्रमगीतांचा साक्षी : स्टॅन ह्यूगिल

इंग्रजीभाषिक खलाशांची ‘शँटी’ गीते मूलतः करमणुकीची नव्हेत. ती श्रमाची साधने होत. दोर ओढण्याचा क्षण त्यांतील आघात ठरवी. नांगर वर येईतो अग्रगायक चरण वाढवीत राही. त्यामुळे त्यांची संहिता कधीच स्थिर नव्हती. स्टॅन ह्यूगिल (१९०६–१९९२) ह्यांचे महत्त्व येथेच आहे. ब्रिटिश निशाणाखालील अखेरच्या मोठ्या मालवाहू शिडाच्या जहाजांपैकी ‘गार्थपूल’ १९२९ मध्ये केप व्हर्दे बेटांजवळ फुटले. त्यावर ते अग्रगायक होते. १९६१ च्या ‘शँटीज फ्रॉम द सेव्हन सीज’ ह्या ग्रंथात त्यांनी गीतांसोबत त्या त्या कामाचीही नोंद केली. ती नोंद वगळल्यास हाती उरतात ते केवळ शब्द. त्यांचे प्रयोजन उरत नाही.