दुय्यम पात्रांचा संग्रह

छंद म्हणजे रिकामपणाचा उद्योग, अशी आपल्याकडे एक समजूत आहे. त्यातही कार्टूनपटांतील दुय्यम पात्रांचे बिल्ले जमविणारा मनुष्य भेटला की आपण हसून पुढे जातो. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र तसे पुढे जाता येत नाही.

पुढे चित्र आणि मागे टाचणी असा बिल्ला अमेरिकेतील न्यूअर्क येथील व्हाइटहेड अँड होग या कंपनीने १८९६ च्या सुमारास प्रचारात आणला. आरंभी त्याचा उपयोग निवडणुकीसाठी झाला. १९४५ ते १९४७ या काळात केलॉग कंपनीने न्याहारीच्या खोक्यांतून चित्रकथांतील पात्रांचे ८६ बिल्ले वाटले. पुढे १९९९ साली फ्लॉरिडातील डिस्नेच्या करमणूक-नगरीत धातूच्या रंगीत बिल्ल्यांची देवघेव रीतसर सुरू झाली. मिकी माउस कोणाच्याही छातीवर दिसतो; पण मुरलेला संग्राहक १९४० च्या ‘पिनोकियो’तील मुका गिडियन बोका किंवा १९५० च्या ‘सिंड्रेला’तील ब्रूनो कुत्रा शोधीत हिंडतो. नायकाची स्मृती जपायला सारे जग असते. पडद्यावर घटकाभर येऊन गेलेल्या पात्रास कोणीतरी मुद्दाम जपावे लागते.

आता आपल्या मुलखाकडे वळू. जी तेरणा आपल्या निलंगा तालुक्यातून वाहत जाऊन मांजरेस मिळते, तिच्याच काठी, वरच्या अंगाला, धाराशिव जिल्ह्यातील तेर हे गाव आहे. गोरोबाकाकांचे गाव म्हणून आपण त्यास हात जोडतो. हेच प्राचीन तगर होय. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक प्रवासवृत्तात, पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवरील मोठे नगर म्हणून त्याचा उल्लेख आला आहे. येथील कापड गाड्यांतून भडोच बंदराकडे जाई.

या तेरमध्ये रामलिंगप्पा लामतुरे यांनी नाणी, मणी आणि मातीच्या मूर्ती जमविल्या. आज गावातील शासकीय वस्तुसंग्रहालय त्यांच्याच नावाने ओळखले जाते. तेरच्या एका हस्तिदंती स्त्रीमूर्तीचे इटलीतील पाँपेई येथे १९३८ साली मिळालेल्या मूर्तीशी साम्य आहे, म्हणून विद्वान तिची चर्चा करतात. आमचे लक्ष मात्र पांढऱ्या मातीच्या छोट्या मूर्तींकडे जाते. त्यांत नावगाव नसलेल्या साध्या स्त्रिया आहेत, मुले आहेत. पुढचा अर्धा भाग एका साच्यात, मागचा दुसऱ्यात दाबून दोन्ही जोडीत. म्हणून त्या आतून पोकळ असतात. बिल्लाही साच्यातच उमटतो. एकासारख्या अनेक प्रती काढून सामान्य माणसाच्या हाती देण्याची ही युक्ती सातवाहनकाळीही आपल्या कारागिरास ठाऊक होती. राजांची नावे शिलालेखांत राहिली. त्या कारागिराची खूण एवढ्या बाहुल्यांतच राहिली.

परंतु नुसते जमविणे पुरेसे नाही. वस्तू कोठे, किती खोलीवर, कशाच्या शेजारी सापडली हे टिपले नाही, तर तिचे अर्धे बोलणे मुके होते. म्हणूनच तेरला १९५८ साली शास्त्रीय उत्खनन झाले, तेव्हा मातीच्या थरांवरून वस्तूंचा काळ ठरविण्याची सोय झाली. बिल्ले जमविणारा जाणता मनुष्यही मागचा छाप पाहतो आणि वहीत साल लिहितो.

आपण नीलकंठेश्वराच्या दर्शनास जातो, ते गाभाऱ्यातील देवासाठी. बाहेरच्या भिंतीवरील सुरसुंदरींपुढे किती जण थांबतात? त्याही दुय्यम पात्रेच होत. शेतात नांगरताना पुरातन वस्तू निघाली तर ती लपवू नये, विकू नये. पुरलेला ठेवा दहा रुपयांहून अधिक मोलाचा असेल, तर जिल्हाधिकाऱ्यांस कळविण्याचे बंधन १८७८ च्या कायद्यानेच घातले आहे. आणि घरातील जुना अडकित्ता, दौत, मुलांचे बिल्ले यांसाठी कायद्याची वाट कशाला पाहावी? एक वही घ्यावी. वस्तू कोणाची, कोठून आली, कोणत्या साली, एवढे तीन रकाने आजच आखावेत. कारण ते सांगू शकणारी वडीलधारी माणसे आज घरात आहेत.